आपली गाडी

बांगडी ‘फुटली’ असं कुणी म्हणालं, की कासारमामा धरलेला हात तिथल्या तिथं सोडून द्यायचे. "वाढली म्हना," म्हणायचे, आणि समोरची बाई ओशाळून ‘वाढली’ म्हणेपर्यंत आभाळाकडं बघत बसायचे. आता बांगडी फुटत नाही, वाढते, असं घरोघरी सगळ्याच बायका म्हणतात. पण मामांच्या तोंडी सगळंच वाढायचं. घागर वाढायची, माठ वाढायचा, वहाणेचा अंगठा वाढायचा. एकदा शाळेत एका पोरानं दुसऱ्याच्या डोक्यात पाटी घातली. पाटीचे दोन तुकडे झाले. ओट्यावर टेकलेले मामा दारातून डोकावून म्हणाले, "मास्तर, पाटी वाढली वाटतं."

"पाटी फुटली," मी म्हणालो. "आणि आता फोडणाऱ्याची पाठ वाढणार आहे."

"फुटली म्हनलं की तितंच संपतंय वो," मामा म्हणाले. "वाढली म्हनलं म्हंजी फुडं काय तरी हाय."

मी तेव्हा तिशीतला शाळामास्तर. जिभेला धार होती आणि अक्कल बेताची. म्हाताऱ्याचं बोलणं एका कानानं ऐकलं, दुसऱ्यानं सोडलं आणि त्या पोराच्या पाठीकडं वळलो.

बारामतीहून इंदापूरच्या रस्त्याला लागलं, की दोनेक कोसांवर पाटाच्या कडेला आमचं गाव. नाव सांगत नाही. हे वाचून गावातलं कुणी माझ्या दारात भांडायला येईल अशी भीती नाही. भांडणारे बहुतेक गेले. मला स्वतःलाच त्या नावाची लाज वाटते, म्हणून सांगत नाही. काळ तीस-पस्तीस सालच्या मागचा-पुढचा. पाटाच्या पाण्यावर वांगी, मिरच्या, केळी, ऊस सगळं पिकत होतं. पोटभर खायला मिळालं, की माणसाला आपण फार उदार आहोत असं वाटायला लागतं. आमच्या गावाला तसं वाटत होतं.

मामांचं नाव गणपत. साठीला टेकलेले, अंगानं काटकुळे, डोक्याला विटलेलं लाल मुंडासं आणि उजव्या गुडघ्यात कायमची कळ. हात मात्र तेलानं मऊ झालेले. शेताच्या कामाला ते हात लावत नसत. लोक चेष्टा करायचे, "मामा, बायकांवानी हात जपताय व्हय!" तर म्हणायचे, "घट्टा पडला की हात भैरा झाला, मग ऐकू कुठनं येनार?" त्यांचं घर बारामतीत, बायको तिथं असायची; मामांचा मुक्काम मात्र बहुतेक आमच्या चावडीवर. तिच्या हातात बांगड्या दोनच. कुणी विचारलं तर मामा सांगायचे, "हलवाई कदी जिलबी खातो का?"

गावातल्या प्रत्येक घरातल्या लेकी-सुनांचा हात भरदिवसा, सासू-सासऱ्यांच्या देखत धरणारा हा एकच पुरुष, आणि त्याचं कुणाला काही वाटत नसे. दुसऱ्या कुणी नुसती मान वर करून पाहिलं असतं तर कुऱ्हाडी निघाल्या असत्या. हात धरला की मामा तोंड फिरवायचे. "हात बगायचा नसतोय, ऐकायचा असतोय." बोटं जुळवून अंगठ्याच्या मुळाशी जरा दाबायचे, की बांगडी सरकन् आत. तेवढ्यात त्यांना सगळं कळायचं. कुणाला दिवस गेलेत, कुणाच्या अंगात ताप मुरलाय, कुठल्या घरचं सगळं दळण धाकटीच्याच वाट्याला आलंय. पण कळलेलं सासूसमोर कधी बोलायचे नाहीत. एकदा माझ्या बायकोचा हात भरून झाल्यावर जाता जाता मला म्हणाले, "मास्तर, शाळा सुटल्यावर पान्याच्या दोन घागरी तुमीच आनत जावा की." मला रागच आला. बायकोला दिवस गेलेत हे मला महिन्यानं कळलं. घरचा धनी मी, आणि बातमी आधी कासाराला!

पण मामांची खरी करामत होती एका लाकडी पेटीत. गावातल्या मुलीला लग्नात हिरवा चुडा भरला, की त्याच मापाची एक बांगडी ते मागं ठेवायचे. लिहिता-वाचता येत नव्हतं. बांगडी दोऱ्यात ओवून दोऱ्याला गाठी मारायचे, आणि कुठल्या गाठी कुणाच्या हे फक्त त्यांनाच ठाऊक. मुलगी नांदायला गेली, मग ती सुप्याला असो, पणदऱ्याला असो, नाहीतर पार खाली कळसला, की पुढच्या फेरीत मामा तिच्या दारात हजर. नव्या बांगड्या भरायच्या आधी ही खुणेची बांगडी तिच्या हातात घालून बघायचे. दाबून बसली तर पोर सुखात आहे. तेलाशिवाय सुटून आली तर हात उतरलाय. मग मामा तिच्या माहेरी यायचे, बापासमोर बसायचे आणि ती बांगडी धरून तिच्यात दोन बोटं घालून दाखवायचे. एवढी मोकळी. "म्या काय बोलत न्हाय. बांगडी बोलती." बाप शहाणा असला तर दुसऱ्या दिवशी गाडी जुंपून लेकीला चार महिने घेऊन यायचा.

हे सगळं चालायचं ते मामांच्या छकड्यावर. एका बैलाचा लहानसा छकडा, त्यात गवत घालून रचलेल्या बांगड्यांच्या पेट्या, पुढं मामा आणि मांडीवर ती खुणेची पेटी. त्या छकड्यात त्यांनी दुसऱ्या माणसाला कधी बसू दिलं नाही. "काचंच्या शेजारी मानूस बसवत न्हाय. मानूस हालतंय." एकदा खुद्द पाटलांनी रस्त्यात हात केला. मामांनी बैल थांबवला आणि म्हणाले, "बसा की पाटील. पन मग ह्या पेट्या तुमी डोक्यावर घ्या." पाटील हसले आणि चालत आले. छकडा नसता, तर त्या गुडघ्यानिशी खांद्यावर बोचकं घेऊन मामा आजूबाजूची तीन गावं फिरले असते, त्याच्या पलीकडं नाही. कळस तर आमच्यापासून सहा-सात कोस.

कळसला आबांची गोदी दिली होती. आबा म्हणजे गावातले वांग्यांचे बादशहा. पहाटेपासून शेतात राबणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात, असा सरळ माणूस. हे मी मुद्दाम लिहितो आहे. गोदी माझ्या शाळेत दोन यत्ता शिकली होती. अक्षर वळणदार होतं. मग घरी धाकटी भावंडं झाली आणि शाळा सुटली, आणि चौदाव्या-पंधराव्या वर्षी लग्न. मामांच्या दोऱ्यात तिच्या नावाच्या तीन गाठी होत्या.

त्या उन्हाळ्यात मामा कळसची फेरी करून आले तेव्हा मी आबांच्या ओट्यावर ताक पीत बसलो होतो. मामांनी पेटी उघडली, तीन गाठींची बांगडी काढली आणि तिच्यात दोन बोटं घालून आबांसमोर धरली.

आबांनी बघितलं, न बघितल्यासारखं केलं. "पैल्या उन्हाळ्यात सगळ्याच पोरी वाळत्यात. सासरचं काम असतंय. येईल भरून."

"आबा, दोन बोटं हायती," मामा म्हणाले.

"आता मानूस कुठनं आनू मी धाडायला? मिरचीची लावन तोंडावर आली."

"तुमी नगा येऊ. म्या तिला शबुद दिलाय, फुडल्या फेरीला गाडीत घालून माहेरी नेतो म्हनून. पेट्या हितं ठिवतो आन् मोकळी गाडी घिऊन जातो."

काचेशेजारी माणूस न बसवणाऱ्या मामांनी पोरीसाठी पेट्या उतरवायची तयारी केली होती. आबा म्हणाले, "आना की मग. कोन नगं म्हनतंय?" मी ताकाचा पेला खाली ठेवला आणि उठलो.

ती पुढली फेरी आलीच नाही. चार दिवसांनी मामा बारामतीहून माल भरून येत होते. पाटाच्या पुलाजवळ मागून एक मोटार आली. आमच्या रस्त्याला तेव्हा मोटारी नुकत्या दिसू लागल्या होत्या, आणि त्यांना रस्त्यापेक्षा भोंगा जास्त लागायचा. बैल बुजला. छकडा पुलाच्या कठड्यावर आपटून मोडला आणि पाटात गेला. गळ्यातला पट्टा तुटला म्हणून बैल तेवढा वाचला. मोटार थांबली नाही. आम्ही धावत गेलो, तेव्हा मामा काठावर बसले होते, मांडीवर ती खुणेची पेटी. उडी मारताना तेवढीच धरली होती. पाण्याच्या तळाशी हिरवा-तांबडा चुरा चमकत होता, आणि छकड्याच्या फळ्या पाटानं खाली चालल्या होत्या.

"गाडी वाढली, मास्तर," मामा म्हणाले.

त्याही वेळी वाढली! मला हसावं की रडावं कळेना.

त्यापुढच्या आठ दिवसांत आमचं गाव जेवढं चांगलं वागलं तेवढं त्याआधी कधी वागलं नव्हतं, आणि नंतर तर नाहीच. पाटलांनी चावडीवर सगळ्यांना बोलावलं. म्हणाले, "गाव करी ते राव न करी. मामाची गाडी गावानं उभी करायची." बांधावरची जुनी बाभळ त्यांनी स्वतः उभं राहून तोडून दिली. सुतारानं हातातली कामं बाजूला ठेवून गाडी घडवली. आबांनी आपल्या गोठ्यात जपून ठेवलेली चाकांची जोडी काढली. "माझी गोदी येनार हाय ह्या चाकांवर," असं ते चारचौघांत म्हणाले तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते, खोटं कशाला सांगू? बायकांनी पेट्यांत घालायला जुनी लुगडी दिली. मामांच्या बारामतीच्या मेहुण्यानं माल दिला. मी गाडीखाली टांगायला माझा कंदील दिला. जरा तिरका जळायचा, पण कंदील होता.

गाडीला हळदकुंकू लागलं, नारळ वाढवला. मामा सगळ्यांपुढं हात जोडून उभे होते. पाटलांनी चाकावर थाप मारली आणि म्हणाले, "बरं का मामा, ही आता आपली गाडी."

सगळे खूश झाले. मीही झालो. मी पोरांना व्याकरण शिकवायचो. ‘आमची’ म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपली’ म्हटलं की तोही आत येतो, असं फळ्यावर लिहून द्यायचो. किती गोड शब्द आहे! पण त्या शब्दात मालक कोण हे विचारायची सोय नसते, हे मला कुठल्या व्याकरणानं शिकवलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी सकाळी मामांनी कळसला जायला बैल जुंपला, तोवर पाटलांचा गडी आला. बारामतीला पाहुणे उतरलेत, आणायला हवेत. "पाटील म्हनले, आपलीच गाडी हाय, कशाला दुसऱ्याची मागायची?" मामांनी कासरा त्याच्या हातात दिला. दोन दिवसांनी सुतार आला. त्याला लाकडं आणायची होती. मग कुणाची आजारी आई, कुणाच्या बियाण्याच्या गोणी, कुणाच्या मुलाचं जावळ. कुणी दांडगाई केली नाही हो. सगळे हसत यायचे, मामांच्या खांद्यावर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "आपलीच हाय की." मी मुद्दाम सांगतो, मीही गेलो. माझ्या सासूबाई बारामतीला येणार होत्या, सोबत लोणच्याच्या बरण्या होत्या. "मामा, एकच दिवस," मी म्हणालो, आणि गाडीत पुढच्या बाजूला ऐसपैस बसलो. कंदील माझा होता ना!

मधल्या मोकळ्या दिवसांत मामा जवळची गावं करायचे. पण एका बैलाला विसावा देत कळसला जाऊन यायचं तर चार दिवस हवेत, आणि सलग चार दिवस ती गाडी कधी मोकळी मिळेना. मामांनी बोचकं घेऊन पायी जाऊन बघितलं. अर्ध्या वाटेत गुडघा सुजला, तिथूनच लंगडत परत आले. आणि पायी गेले असते तरी पोरीला आणणार कशात? बैल तेवढा सगळे नेमानं परत आणून बांधायचे. वैरण मात्र मामांनीच घालायची, कारण बैल आपला नव्हता, मामांचा होता.

एकदा शाळा सुटल्यावर मामा आत आले आणि पोरांच्या जागेवर, जमिनीवर बसले. म्हणाले, "मास्तर, मला ‘न्हाय’ म्हनायला शिकवा की."

"म्हणजे काय?"

"पैलं येत हुतं. पाटलाला सुदिक म्हनत हुतो. आता तोंडाशी येतंय आन् चाक दिसतंय, बाभळ दिसती, कंदील दिसतो."

कंदील म्हणताना माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मी हसलो. म्हणालो, "अहो, गावानं प्रेमानं दिलंय, प्रेमानं मागतात. एवढं मनाला लावून घेऊ नका." असली वाक्यं मास्तर लोकांना फार चटकन सुचतात.

मग तो बाजारचा दिवस आला. मामांनी सकाळीच बैल जुंपला होता. पेट्या घेतल्याच नव्हत्या, गाडीत एक गोधडी अंथरली होती आणि पाण्याचा तांब्या ठेवला होता. मी दारात राखुंडीनं दात घासत होतो. एवढ्यात आबा आले. मागं दोन गडी, डोक्यावर वांग्यांच्या पाट्या.

"मामा, बरं झालं जुंपलीत," आबा म्हणाले. "माझे बैल नांगराला गेल्यात. आज बाजार गाठला न्हाय तर ही वांगी डुकरांना घालावी लागतील."

"आबा, म्या कळसला निगालोय. तुमच्याच गोदीकडं."

"जावा की, परवा जावा. गोदी काय कुठं पळून जाती व्हय?"

मामांनी कमरेची पिशवी सोडली, तीन गाठींची बांगडी काढली आणि तिच्यात दोन बोटं घातली.

आबांनाही लाज वाटली असावी. पण गडी डोक्यावर ओझं घेऊन उभे होते, ऊन चढत होतं. आबा हसले आणि चाकाला पायानं हलकेच ढोसून म्हणाले, "आवं मामा, चाकं कुनाची हायती? माझीच की! मग माझ्या लेकीची काळजी मला न्हाय व्हय?"

मी तोंडातली राखुंडी थुंकलो. त्या वेळी मी ‘आबा, वांगी सडू द्या’ एवढे चार शब्द बोलायला हवे होते. आबांनी माझं ऐकलं असतं. गावात मास्तरच्या शब्दाला किंमत होती. पण मला वाटलं, बापलेकीच्या मध्ये आपण कशाला पडा! मी चूळ भरायला आत गेलो.

बाहेर आलो तेव्हा गाडी बारामतीच्या रस्त्याला लागली होती आणि मामा उलट्या दिशेनं, इंदापूरच्या बाजूला, एक पाय ओढत चालले होते. खांद्यावर लहानसं बोचकं होतं. कळसला जाऊन मी तिला कुणाच्या तरी गाडीत बसवून देतो, असं वाटेतल्या कुणाला तरी म्हणाले म्हणे.

तिसऱ्या दिवशी कळसचा माणूस आबांकडं आला. गोदी तापानं गेली होती. आबा धोतराचा सोगा सावरत चावडीकडं धावले. त्या दिवशी गाडी लगेच मोकळी मिळाली. सुतारानं आपली लाकडं स्वतः उतरवून दिली.

आबा पोहोचले तेव्हा सगळं उरकलेलं होतं.

मामा पाच-सहा दिवसांनी परत आले, पायीच. वाटेत आबांची गाडी भेटली होती, आबांनी बसा म्हटलं होतं, पण ते बसले नव्हते. आले, भाकरी खाल्ली, आणि चावडीपुढं गाडी सुटी करायला बसले. लोकांना आधी वाटलं दुरुस्ती चालली आहे. मामांनी चाकं काढली, कणा काढला, फळ्या सुट्या केल्या. पाटलांची बाभळ पाटलांच्या अंगणात नेऊन रचली. सुतारानं ठोकलेले खिळेसुद्धा काढून, सरळ करून, फडक्यात बांधून सुताराच्या दारात ठेवले. लुगडी धुऊन वाळवून ज्या त्या बाईला परत दिली. चाकं एकेक करून, लंगडत, ढकलत आबांच्या दारात नेली आणि भिंतीला टेकवून ठेवली. एका चाकाच्या आऱ्याला तीन गाठींचा दोरा बांधला होता. दोऱ्यात बांगडी होती.

गाव खवळलं. गाडी मोडली याचाच राग सगळ्यांना. "आपली गाडी हुती, ह्याच्या बाची हुती का मोडायला?" पाटील म्हणाले, "कुत्र्याला उपकाराची जान असती, ह्याला न्हाय." सुतार तर खिळे बघून शिव्याच द्यायला लागला. ज्याला त्याला आपापली वस्तू जशीच्या तशी परत मिळाली होती, आणि तरी प्रत्येकाला वाटत होतं की आपल्याला लुबाडलं. आबांनी मात्र ती चाकं तिथून हलवली नाहीत, दोरा सोडला नाही. पुढं बरीच वर्षं ती त्या भिंतीशी वाळवी खात उभी होती.

माझा कंदील मामा शेवटी घेऊन आले. पुसून लख्ख केला होता. काच नवी होती. जुनी कधीतरी तडकली असणार, ती त्यांनी बदलली होती. वातही सरळ कापलेली. मला तो हातात घ्यायचं धाडस होईना. म्हटलं, "मामा, बसा." ते बसले.

मग त्यांनीच सांगितलं. "दुसऱ्या दिशी ऊन कलता पोचलो. दारात मानसं हुती. तिची सासू म्हनली, बरं झालं कासारा, देवानं धाडला तुला. सवाष्ण गेली, चुडा भरायचाय." मामा आपल्या पंज्याकडं बघत होते. "भरला. तेल लागलं न्हाय, मास्तर. दाबावं लागलं न्हाय. सोडली की बांगडी कोपरापातूर जात हुती. तिच्या मापाची एक बी नव्हती माझ्यापाशी. ल्हान पोरीच्या घातल्या."

मास्तरांना गप्प बसता येत नाही. मी म्हणालो, "मामा, झालं ते झालं. गाडी पुन्हा होईल. तुम्हीच म्हणता ना, वाढली म्हणायचं."

"न्हाय, मास्तर," मामा म्हणाले. "फुटली."

‘न्हाय’ म्हणायला ते शिकले होते. मी शिकवलं नव्हतं.

त्यानंतर मामा आमच्या गावात बांगड्या भरायला आले नाहीत. बायका बारामतीच्या बाजारातून बांगड्या आणू लागल्या आणि आपल्याच हातानं घालू लागल्या. हात बोलतात हे हळूहळू विसरून गेल्या.

माझी इंदापूरला बदली झाली. चार-पाच वर्षं गेली असतील. एका दुपारी मी सर्व्हिस मोटारीनं बारामतीहून इंदापूरला चाललो होतो. आमचं गाव मागं पडलं आणि पुढं रस्त्याच्या कडेनं एक म्हातारा एक पाय ओढत चाललेला दिसला. लाल मुंडासं, खांद्यावर बोचकं. मी ओरडून मोटार थांबवायला लावली. ड्रायव्हर ओळखीचा होता, थांबला.

"मामा! या, या वर! इतक्या उन्हात कुठं निघालात?"

त्यांनी मला ओळखलं. तोंडभर हसले, दात राहिले नव्हते. "कळसला," म्हणाले. "एक पोर हाय तितं, सुप्याची. बगून येतो."

मी वाकून हात पुढं केला. मामांनी बोचकं सावरलं, माझा हात धरला, एक पाय फळीवर ठेवला. मग थांबले. मोटारीवरून, चाकावरून नजर फिरवली आणि विचारलं, "मास्तर, कुनाची वो ही?"

सर्व्हिसची, तिकीट मी काढतो, एवढं सरळ उत्तर होतं. पण जिभेला जे वळण लागलेलं असतं ते लागलेलं असतं. मी घाईघाईनं म्हणालो, "या हो मामा, आपलीच समजा."

मामांनी पाय खाली घेतला. रागावले नाहीत. धरलेला माझा हात त्यांनी सोडून दिला आणि बाजूला होऊन आभाळाकडं बघत उभे राहिले. एखादी बाई बांगडी फुटली म्हणाली म्हणजे बघायचे, तसेच. मी दुसरा शब्द बोलण्याची ते वाट बघत होते, हे मला कळलं. मी तोंड उघडलं, पण मला शब्द आठवेना, आणि तेवढ्यात ड्रायव्हरनं भोंगा वाजवला.